‘मला जमणार नाही’ म्हणणाऱ्या नर्सिंगच्या मुली



आपल्या या ग्रुपवर बेळगावच्या जुन्या शाळांच्या, गल्लीतल्या गणपतीच्या, खानापूरच्या पावसाच्या आठवणी येत असतात. मीही अधूनमधून लिहितो. आज आठवण कमी आणि मत जास्त आहे. थोडं लांबलंय, पण ज्यांच्या घरात नर्सिंगला शिकणारी मुलगी, पुतणी, नात आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावं अशी विनंती.

मत असं आहे. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आलेली मुलगी ‘मला हे जमणार नाही’ असं म्हणायला लागली, तर घरच्यांनी तिला लगेच दुसऱ्या वाटेला लावायची घाई करू नये. आणि ‘कॉन्फिडन्स ठेव गं, सगळं होतंय’ म्हणून पाठीवर थाप मारून विषय संपवूही नये. ती नेमकं काय म्हणते ते आधी ऐकावं. बहुतेक वेळा ती खरंच सांगत असते.

हे लिहायचं कारण म्हणजे माझा भाचा. त्याची मुलगी इथेच बी.एस्सी. नर्सिंग करतेय, सातवं सेमिस्टर संपत आलंय. दिवाळीत तो मला म्हणाला, ‘मामा, तुम्ही जन्मभर बँकेत काढलात. तिला जरा सांगा, बँकेच्या परीक्षेला बस म्हणून. तीच म्हणतेय की वॉर्डात मला भीती वाटते. चार वर्षं गेली ती गेली, पुढचं तरी वाचवू.’ भाचेसून तर त्याच्यापुढे. ‘रात्रपाळी, घाण, वर डॉक्टरांची बोलणी. एवढं करून मनानंच घेतलं नसेल तर कशाला?’

मी कॉमर्सवाला माणूस. औषधातलं मला काही कळत नाही. पण नवीन माणूस कामावर तयार कसा होतो, हे मी चौतीस वर्षं पाहिलंय, आणि त्यावर बोलायचा मला थोडा हक्क आहे असं समजतो.

मी तिला बोलावून घेतलं आणि विचारलं, ‘भीती कसली वाटते?’ ती म्हणाली, ‘सगळ्याचीच, आजोबा.’ आता हे ‘सगळ्याचीच’ बँकेत चालत नसे. महिनाअखेरीला लेजरची बाकी जुळली नाही की ‘काहीतरी गडबड आहे’ असं म्हणून कोणी घरी जात नव्हतं. फरक किती, कुठल्या फोलिओत, कुठल्या तारखेला, हे शोधायला रात्रीचे दहा वाजायचे. तिला म्हटलं, कागद घे आणि काय काय जमत नाही ते एकेक लिही. तासाभराने अकरा गोष्टी निघाल्या. चार वर्षांच्या अभ्यासात शेकड्यांनी गोष्टी असतात, त्यातल्या अकरा. तीच मुलगी थोड्या वेळापूर्वी ‘सगळ्याचीच’ म्हणत होती.

मग पुढचा रकाना आखला. यातलं प्रत्येक काम तू खऱ्या पेशंटवर स्वतःच्या हाताने किती वेळा केलंस? उत्तर वाचून मीच गप्प झालो. सहा कामं एकदाही नाही. बाईपेशंटला कॅथेटर घालणं प्रयोगशाळेतल्या पुतळ्यावर तीनदा, माणसावर शून्य. नाकातून नळी घालणं, पाहिलंय पण केलं नाही. तीन कामं एकेकदा. वॉर्डात काय केलंस मग, असं विचारलं तर म्हणाली, चादरी बदलल्या, ताप-नाडी-बीपी घेतलं, केस स्टडी लिहिल्या, स्टाफ सिस्टर सांगतील ते लॅबला नेऊन दिलं. एका खाटेभोवती आठ-दहा जणी उभ्या राहतात, पुढच्या दोघींना दिसतं. पेशंट किंवा नातेवाईक म्हणतात, ‘शिकाऊ नको, मोठ्या सिस्टरना बोलवा.’ आणि मोठ्या सिस्टरच्या मागे एवढे पेशंट की तिला शिकवायला सवड नाही. स्वतः पटकन करून ती पुढच्या खाटेकडे जाते.

आता सांगा, या मुलीने ‘मला जमेल का’ अशी शंका घेतली तर तिच्या मनात बिघाड आहे की हिशेब बरोबर आहे? जे काम हाताने केलंच नाही ते येत नाही म्हणणं हा न्यूनगंड कसा होईल? मला तर ती शिल्लक अगदी बरोबर काढलेली वाटली.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली, ती मी तेव्हापासून चार जणांना ऐकवली आहे. पहिल्या वर्षी तिला काहीच भीती वाटत नव्हती. भीती वाढली ती शिकत गेली तशी. उदाहरण तिनेच दिलं, इन्सुलिनचं. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली बहुधा एका मिलीलिटरला ४० युनिटची असते, पण १०० युनिटचंही मिळतं. सिरिंजही दोन प्रकारच्या, ४०वाल्याची टोपी लाल आणि १००वाल्याची केशरी. आता १०० युनिटचं इन्सुलिन चुकून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये वीसच्या खुणेपर्यंत भरलं, तर आत जातं अर्धा मिली, म्हणजे ५० युनिट. वीसच्या जागी पन्नास. पेशंटची साखर एकदम खाली येईल, आणि झोपेत असेल तर लवकर लक्षातही येणार नाही. हे जिला माहीत नाही ती बिनधास्त टोचेल. जिला कळलंय तिचा हात क्षणभर थांबणार. तो थांबणारा हात मला माझ्या खाटेशी चालेल बुवा.

मागे हर्नियाच्या ऑपरेशनला मी पाच दिवस दवाखान्यात होतो. एक शिकाऊ मुलगी औषध द्यायला यायची. दर वेळी फाईल बघायची, हातातला पट्टा बघायची, वर मला नाव विचारायची. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ वैतागायचे, ‘काल तर विचारलंस की!’ मला मात्र आमच्या पासिंग ऑफिसरची आठवण यायची. रोजचा ओळखीचा खातेदार समोर उभा असला तरी चेकवरची सही तो कार्डाशी ताडून बघायचा. नर्सिंगमध्येही हाच नियम शिकवतात: बरोबर पेशंट, बरोबर औषध, बरोबर मात्रा, बरोबर मार्ग, बरोबर वेळ. पाचही दर वेळी बघायचे, पेशंट ओळखीचा असला तरी.

बँकेत नवीन कारकुनाला आम्ही पहिल्या दिवशी तिजोरीची चावी देत नव्हतो. खरं तर कोणालाच एकट्याला देत नव्हतो. स्ट्राँगरूमला दोन चाव्या, दोन माणसांकडे. एकाने व्हाउचर करायचं, दुसऱ्याने पास करायचं. याचा अर्थ पहिल्यावर अविश्वास आहे असा कोणी घेत नसे. उलट त्यामुळेच नवा पोरगा न घाबरता काम शिकायचा, कारण त्याला माहीत असायचं की आपलं चुकलं तर पुढच्या टेबलावर पकडलं जाणार आहे. वॉर्डातही ही पद्धत आहेच. रक्ताची पिशवी लावताना दोघांनी मिळून नाव, गट, नंबर तपासायचा असतो. पोटॅशियमसारखं औषध पातळ न करता थेट शिरेत कधीच द्यायचं नसतं, आणि ते तयार करताना दुसरीने बघायचं. फरक एवढाच की बँकेत चूक झाली तर दुसऱ्या दिवशी उलट नोंद टाकून जमाखर्च नीट करता येतो. तिथे ती सोय नाही. म्हणून तिथे दुसरी नजर जास्त लागते, आणि नेमकी तिथेच माणसं कमी.

परीक्षेचं पण बघा. पन्नास टक्क्यांना पास. लेखी पेपरला हे ठीक आहे. पण सलाईनचे थेंब मोजण्यात पन्नास टक्के पास म्हणजे काय? भाचीला मी गणित घातलं (नात्याने ती माझी नात, पण घरात तिला सगळे भाचीच म्हणतात). ५०० मिली सलाईन चार तासांत संपवायचंय, सेट २० थेंबांना एक मिलीचा. मिनिटाला किती थेंब? तिने मनातल्या मनात करून सांगितलं, जवळजवळ ४२. मी कॅल्क्युलेटरवर ताडून बघितलं, बरोबर. मग म्हटलं, हे येत नाही असं कोण म्हणालं तुला? तर म्हणे, तोंडी परीक्षेत विचारलं होतं आणि मला सांगता आलं नाही.

इथे आपल्या बेळगावचं एक वेगळं दुखणं आहे, ते स्पष्टच लिहितो. ही मुलगी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली. पुस्तकं इंग्रजी, व्हायवा इंग्रजीत, मॅडमपैकी काही केरळच्या, आणि खाटेवर निम्मे पेशंट बैलहोंगल, सौंदत्तीकडचे, नुसतं कन्नड बोलणारे. डोक्यात उत्तर मराठीत तयार असतं, ते इंग्रजीत येईपर्यंत समोरच्या मॅडम पुढच्या मुलीकडे वळतात. असं दहा वेळा झालं की मुलगी समजते, आपल्याला विषयच येत नाही. भाषेची अडचण अकलेच्या खात्यात जमा होते. अशी चुकीच्या खात्यात पडलेली रक्कम शोधायची तर कोणीतरी शांतपणे बसून विचारायला हवं, आणि ते काम घरचा माणूस करू शकतो.

मराठी शाळेसाठी, मराठी पाटीसाठी आपली पिढी भांडली आहे, मीही मोर्चात चाललोय. त्यात मी मागे येणार नाही. पण पोटात कळ आलेली म्हातारी कन्नडमध्ये रडत असेल तर तिला ‘हेदरबेड्री’, म्हणजे घाबरू नका, एवढं तिच्या भाषेत म्हणता आलंच पाहिजे. आमच्या घरात यावरूनही कुरबुर झाली. तिचे आजोबा, म्हणजे माझे मेहुणे, म्हणाले, ‘आता कन्नड पण शिकवा घरात!’ मी म्हटलं, हो शिकवा. शेजारच्या बाई धारवाडच्या आहेत, त्यांच्याकडे रोज अर्धा तास जाऊन बसू दे. दुखतंय कुठे, श्वास घेता येतोय का, शेवटचं कधी खाल्लं, लघवी झाली का. वॉर्डात लागणारी शंभर वाक्यं आली तरी अर्धी भीती जाईल.

यादीतल्या शेवटच्या दोन गोष्टी मात्र हाताच्या कामाच्या नव्हत्या. एक, रात्री दोन वाजता डॉक्टरांना फोन करणं. दुसरी, पेशंट गेल्यावर नातेवाइकांसमोर उभं राहणं.

फोनचं आम्ही घरातच करून बघितलं. मी आतल्या खोलीत जाऊन झोपमोड झालेला डॉक्टर झालो. पहिल्या वेळी ती म्हणाली, ‘सर, पेशंटला बरं नाहीये.’ मी खेकसलो, ‘बरं असतं तर दवाखान्यात कशाला आला असता?’ ती हसायला लागली, पण हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं, कारण अशी उत्तरं तिने खरोखर ऐकली आहेत. मग तिनेच सांगितलं की याची पद्धत शिकवलेली आहे. मी कोण, कुठल्या वॉर्डातून, कुठल्या खाटेचा पेशंट, आत्ता काय झालं, आधी काय होतं, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. पाचव्या वेळी ती अशी बोलली: ‘सर, सर्जिकल वॉर्डमधून बोलतेय. बारा नंबरचे पेशंट, काल ऑपरेशन झालंय. बीपी संध्याकाळी १२० होतं, आता ९० आहे, नाडी १२४. ड्रेसिंग ओलं झालंय. तुम्ही येऊन बघावं असं वाटतं. तोपर्यंत काय करू?’ मला खेकसायला जागाच राहिली नाही. हे पुस्तकात होतं, शिकवलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. तोंडाने म्हणून बघितलं नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या गोष्टीवर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकवीस वर्षांच्या मुलीने पहिल्यांदा मृत्यू बघितला, प्रेत नीट आवरलं, आणि बाहेर आली तर मुलगा तिच्याच अंगावर धावून आला. त्या रात्री घरी येऊन ती जेवली नाही, आणि आपण विचारलं काय, तर ‘डबा का तसाच आणलास?’ हे तिच्या आईला मी त्याच दिवशी बोललो.

या विषयावर अभ्यास करणाऱ्यांनी लिहून ठेवलंय, ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्याला वाटतं हे फक्त आपल्याच मुलीचं. अमेरिकेत मार्लिन क्रेमर या बाईंनी १९७४ साली ‘रिॲलिटी शॉक’ नावाचं पुस्तकच लिहिलं. कॉलेजात शिकवलेलं नर्सिंग आणि वॉर्डातलं नर्सिंग यांच्यातल्या अंतराने नव्या नर्सना बसणारा धक्का, हा त्याचा विषय. पुढे १९८४ मध्ये पॅट्रिशिया बेनर यांनी नर्स घडण्याच्या पाच पायऱ्या मांडल्या, अगदी नवख्यापासून निष्णातपर्यंत. त्यांच्या हिशेबाने नुकतीच पास झालेली मुलगी दुसऱ्या पायरीवर असते, आणि तिसरी, म्हणजे कामात सक्षम म्हणावी अशी पायरी, एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं काढल्यावर येते. आपण मात्र पदवीच्या दिवशी पाचवी पायरी मागतो. आणि मुलगी स्वतःही तीच मागते, हे जास्त वाईट.

आपल्या घरांची यात एक जुनी भूमिका आहे. माझ्या लहानपणी सिस्टर म्हटलं की ख्रिश्चन बाई, नाहीतर केरळची. इथून जवळच मिरजेला १८९४ पासून मिशनचं मोठं हॉस्पिटल, पण आपल्या लोकांनी तिथे उपचार घेतले, मुली पाठवल्या नाहीत. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढलं आणि आपल्या समाजातल्या बायकांना, विधवांना नर्सिंगकडे वळवलं, तेव्हा केवढी कुजबुज झाली होती. शंभर वर्षांनी कुजबुज बदलली आहे, गेली नाही. आता मुलगी नर्सिंगला जाते ती डॉक्टरकीला मार्क कमी पडले म्हणून, आणि घरातले येणाऱ्या-जाणाऱ्याला तसंच सांगतात: ‘एमबीबीएस थोडक्यात हुकलं हो, म्हणून नर्सिंग.’ चार वर्षं हे वाक्य तिच्या कानावर पडतं. जे शिक्षण घरच्यांनीच हुकलेल्या गोष्टीची भरपाई म्हणून मांडलं, त्यात तिने स्वतःला पुरं कसं समजावं? हे वाक्य तेवढं बंद केलं तरी पुष्कळ.

पगाराची तक्रार खरी आहे, ती मी टाळत नाही. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ सालच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने सुचवलं होतं की ५० खाटांपेक्षा लहान खासगी दवाखान्यातसुद्धा नर्सला महिना २० हजारांपेक्षा कमी देऊ नये, आणि २०० खाटांच्या वरच्या दवाखान्यात सरकारी नर्सइतका पगार असावा. आपल्या आसपास किती ठिकाणी हे मिळतं, ते ज्यांच्या मुली नोकरीत आहेत त्यांनी लिहावं. पण पगार कमी आहे म्हणून सोडायचं असेल तर तसं म्हणा. ‘तिला जमत नाही’ हे कारण तिच्या माथी मारू नका.

एक वाचक आत्ताच म्हणत असतील, सगळ्याच मुलींना जमतं असं थोडंच आहे? बरोबर आहे. काहींना रक्त बघवत नाही, काहींचं मन खरंच नसतं, आणि काही मुली इतक्या खचतात की झोप, जेवण उडतं. त्यांना डॉक्टरकडे न्यावं, यादी करायला बसवू नये. पण यातली कोणती गोष्ट आहे हे ठरवायच्या आधी दुसरा रकाना भरून बघा: हाताने किती वेळा केलं?

नव्या अभ्यासक्रमात आठवं सेमिस्टर पूर्ण इंटर्नशिपचं आहे. २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास. भाच्याला मी सांगितलंय की हे बावीस आठवडे कोणीही तिच्यापुढे बँकेच्या परीक्षेचं नाव काढायचं नाही. क्लार्कच्या परीक्षेला अठ्ठावीस वर्षांपर्यंत बसता येतं, ती आता एकवीसची आहे. तिने ती अकरा कामांची यादी वहीत चिकटवली आहे आणि वॉर्डातल्या इनचार्ज सिस्टरना पहिल्याच दिवशी दाखवणार आहे: ‘हे मी केलेलं नाही, मला तुमच्यासमोर करू द्या.’ असं म्हणायला तिला लाज वाटत होती. मी म्हटलं, न करता लॉगबुकवर सही घेणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे.

आता ग्रुपकडे एक मागणं. आपल्यात निवृत्त सिस्टर आहेत. सिव्हिलमध्ये, मिलिटरी हॉस्पिटलमध्ये, मिरजेत, काही तर आखातात वीस-वीस वर्षं काढून आलेल्या. त्यांच्यापैकी कोणी रविवारी दुपारी दोन तास या मुलींशी बोलायला बसतील का? त्यांची पहिली रात्रपाळी, पहिला फोन, गेलेल्या पेशंटचा मुलगा, याबद्दल. जागा माझ्या घरची, चहा आमच्या सौ.चा. सध्या मुली पाच आहेत, तिघी मराठी शाळेच्या, दोघी कन्नड. कमेंटमध्ये नंबर टाकू नका, नुसतं ‘येते’ एवढं लिहा, मी मेसेज करतो.